नात्यातला साक्षीदार

आमच्या पक्षी पाहणाऱ्या टोळीत मास्तरांचा एक नियम आहे. दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिला तरच खरा, आणि नात्यातला साक्षीदार चालत नाही. या नियमापायी गेल्या शरदात माझ्या धाकट्या भावाची फजिती झाली. जलाशयावर त्याने एकट्यानेच काळा करकोचा पाहिला. मास्तर म्हणाले, "पाणकावळा असेल." झालं! सगळे त्यालाच पाणकावळा म्हणू लागले. बस चालवणारा, मोठ्या आवाजाचा माणूस तो, पण त्याने येणंच सोडलं.

यंदा मीच त्याला उठवून आणलं.

"आज नाही दिसला तर दुर्बीण विकून टाकतो," वाटेत तो म्हणाला.

"विक. आधी मला दाखव."

बांधाच्या टोकाला त्याने तिपाईवर दुर्बीण लावली. चिखलाच्या पट्ट्यावर बदकांची नुसती झुंबड. मी जन्मभर शिवणयंत्रावर मान मोडलेली, मला लांबचं बघायची सवय कुठली! भाऊ एकदम दुर्बिणीला चिकटला. मग त्याने माझा दंड असा धरला की मी ओरडणारच होते.

"ताई, बघ. हलू नकोस."

भिंगात लाल चोच. लाल पाय. उन्हात चमकणारी काळी पाठ आणि पांढरंशुभ्र पोट. पाणकावळ्याला कुठली आलीय लाल चोच!

"तुझं बघणं धरत नाहीत," तो कुजबुजला. "मास्तरांना आण. हाक मारू नकोस, उडेल."

मास्तर बांधाच्या मध्यावर चहा ओतत बसले होते. गुडघे विसरून मी सुटले.

"काय हो ताई, कुत्रं लागलंय का मागे?"

मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. "चला."

"पाणकावळाच ना?"

"चला म्हटलं ना!"

निम्म्या वाटेत करकोचा उडाला. तिकडे भाऊ मटकन खाली बसला. मास्तरांनी गळ्यातली दुर्बीण उचलली, तर तिचा पट्टा मफलरमध्ये अडकलेला. ते ओढतायत, मी एका हाताने सोडवतेय, गुंता आणखी घट्ट.

"अहो, नुसतं वर बघा!"

रुंद गिरकी घेऊन करकोचा थेट आमच्या डोक्यावर आला. मान ताणलेली, पोट पांढरं, मागे लांब लाल पाय.

एरवी कुणी शिंकलं तरी डोळे वटारणारे मास्तर बांधभर ओरडले, "काळा करकोचा! अरे, काळा करकोचा!"

भाऊ धावत आला. "मास्तर, पाणकावळा असेल."

"गप रे! मला काय डोळे नाहीत?"

"आणि गेल्या वर्षीचा?" मी विचारलं.

मास्तर मफलरशी झटत राहिले. "तो एकट्याचा. नियम म्हणजे नियम." मग भावाकडे न बघताच म्हणाले, "पण तुला आता पाणकावळा म्हणायचं नाही कुणी. मी म्हटलं तर माझा चहा काढून घे, बहिणीसारखा."

पेला अजून माझ्याच हातात होता; निम्मा चहा शालीवर सांडलेला. भावाने तो घेतला, उरलेला घोट संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे, मास्तर. पुढच्या रविवारी चहा मी आणतो."