उंदरांचे पेढे

शेवटच्या उंदराचं पोट कात्रीनं उघडून उपासनानं यकृत बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं. त्यावर ज्वारीच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके होते.

"सर, ह्याच्यात पण आलंय."

महादेव सर खुर्चीवरून उडालेच. वर्षभर ते उंदरांच्या आतड्यात कर्करोगाच्या पेशी टोचत होते, पण मेली गाठ जागची हलत नव्हती. रोग पसरतो कसा हे बघायचं, तर तो आधी पसरायला नको? यावेळी एकूण एक उंदरात तो यकृतापर्यंत पोहोचला होता. सरांनी लगेच पेढे मागवले आणि एक बॉक्स उपासनाच्या हातात कोंबला.

"घरी न्या. आईंचं तोंड गोड करा."

मेलेल्या उंदरांची पिशवी जाळायला पाठवून ती खासबागला घरी आली. दारातच तिची आई, तानीबाई, बसली होती. तिच्याही आतड्यात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन होतं, आणि पोटाला शौचाची पिशवी लावणार हे ऐकल्यापासून ती धसक्यानं अर्धी झाली होती. निपाणीच्या तंबाखूत राबून तिनं लेकीला शिकवलं होतं. लेक उंदरांवर आपलंच औषध शोधते, असं तिनं मनाशी धरलं होतं. रोज विचारायची, "उंदरं कशी हायत?" लेक म्हणायची, "बरी हायत." आईला यापलीकडं काय सांगणार, कपाळ!

बॉक्स दिसताच तानीबाईचा चेहरा फुलला.

"गुण आला व्हय गं उंदरास्नी?"

उपासना चपला काढत होती. तोवर तानीबाईनं पेढा तोंडात टाकलाही, शेजारच्या मालुबाईला हाक मारून तिच्या हातावर ठेवलाही.

"पोरीनं पांग फेडलं बघ माझं! आता मला कापायला नगो. सोमवारी येत न्हाय म्हणून सांग डॉक्टरास्नी. उंदरास्नी दिलं त्येच औषध मला दे."

उपासना तिच्यासमोर खाली बसली. तिचे गुडघे धरले.

"आई, औषध न्हवतंच. रोगच दिलता आम्ही त्यास्नी. त्यो अंगभर पसरला. आज सगळी मारली मी. तू सोमवारी जायाचंच."

मालुबाईनं हातातला पेढा हळूच बॉक्समध्ये परत ठेवला. तानीबाई चघळायची थांबली. तिनं बॉक्सकडं बघितलं, मग लेकीकडं.

"मग ह्ये पेढं कशाचं गं?"