अर्धी कात

आमची सून क्षमा जर्मनीत किडे बघते, असं मी सुरुवातीला नागपूरला सांगायची. "आई, किडे नाहीत हो, आयसोपॉड," ती हसायची. खेकड्या-झिंग्यांच्या गोतातले, तांदळाच्या दाण्याएवढे जीव. अंटार्क्टिकाच्या समुद्रात कोसभर खोल, मिट्ट काळोखात राहणारे. जहाजानं गाळासकट वर काढलेले हे जीव कोलोनजवळच्या एका संग्रहालयात अल्कोहोलच्या बाटल्यांत आहेत. क्षमा एकेकाचे पाय, मिशा, काटे सुईनं उलगडते, चित्रं काढते आणि कोण कुठल्या प्रजातीचा ते ठरवते. एकेका पायापायी दिवस जातो तिचा. मला तर मेथी निवडायचाही कंटाळा!

त्यात एक प्रजात नवी निघाली. तिला क्षमा आमच्या ह्यांचं, देवानंद, हे नाव देणार होती. सुनेनं शिकावं म्हणून ते अख्ख्या घराशी भांडले, आणि ती पीएचडी होण्याआधीच गेले. २००६च्या उन्हाळ्यात मी जर्मनीला आले ती याच कौतुकासाठी. कॉलनीभर सांगून आले होते.

क्षमाचा लेख छापायला जायचा, त्याच आठवड्यात ती मला संग्रहालयात घेऊन गेली. चेहरा पार उतरलेला. "आई, तुम्हीच बघा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकच जीव, पण पुढचं अंग काटेरी, मागचं गुळगुळीत.

"हे कात अर्धी-अर्धी टाकतात. आधी मागची, मग पुढची," ती म्हणाली. "हा नेमका मध्येच सापडलाय. काटेरी प्रजातीला नाव कधीच दिलंय. गुळगुळीत ती आपली. पण दोन्ही एकच निघाल्या, आई. काटेरी तो कोवळा नर, वयात आला की गुळगुळीत होतो. बाबांचं नाव नाही देता येणार."

"आणखी कोणी पाहिलंय हे?"

"नाही."

"मग ठेव ती बाटली मागे. कोण येतंय उघडायला?"

बोलून गेले खरी. ह्यांच्या नावावर पाणी सोडणं काय सोपं होतं?

"मी पाहिलंय ना," क्षमा म्हणाली. डोळे भरले होते तिचे, पण हात थांबला नाही. माझ्यासमोरच तिनं प्रोफेसरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. जर्मन मला कळत नाही. तिचं 'गेनाऊ, गेनाऊ' तेवढं ऐकत मी बसले आणि या पोरीकडे बघतच राहिले.

घरी येऊन मी नागपूरला नणंदेला, प्रभाला, फोन केला.

"लागलं का गं दादाचं नाव?" तिनं विचारलं.

"नाही लागलं. मिळत होतं, क्षमानं घेतलं नाही," मी म्हटलं. "अगदी तुझ्या दादावर गेलीय."