कारणाचा रकाना

"हे खोडा," हॉलवाला म्हणाला आणि त्याने उघड्या रजिस्टरवर बोट टेकवले.

बोट बरोबर कारणाच्या रकान्यावर होते. तारीख, प्राणी, वय, काय झाले, कारण, कोणी सांगितले, असे सहा रकाने. परवाच्या ओळीत 'काय झाले' खाली लिहिले होते, 'काचेने खोल जखमा, अडतीस टाके', आणि कारणाखाली एकच शब्द होता, 'फटाके'. अक्षर इतके नेटके की छापखान्याने मान खाली घालावी. प्राण्यांच्या त्या छोट्या दवाखान्यात एकोणीस वर्षे हेच अक्षर होते आणि ते ज्यांचे होते त्यांना सगळी वसाहत नोंदबाई म्हणत असे.

"बोट उचला," नोंदबाई म्हणाल्या. "घामाने शाई पसरते."

हॉलवाल्याने बोट उचलले. इतके तरी ऐकले म्हणायचे.

समोरच्या बाकावर पोपटाचा पिंजरा मांडीवर घेतलेला एक शिंपी आणि टोपलीत मांजर घेऊन आलेली कॉलेजातली मुलगी बसली होती. दोघांनीही भिंतीवरचा जंतांच्या गोळ्यांचा तक्ता एकदम मन लावून वाचायला घेतला. हॉलवाल्याच्या पायाशी त्याचा सुलतान पडला होता. वासराएवढे धूड, पण पुढचे दोन्ही पाय आणि छाती पट्ट्यांनी बांधलेली, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. आज त्याची पट्टी बदलायची होती. पट्टीच्या निमित्ताने मालक रजिस्टरही बदलून घ्यायला आला होता.

हॉलवाला तसा वाईट माणूस नव्हता, निदान दिवसा तरी नव्हता. वसाहतीच्या मागे त्याचा पार्ट्यांचा हॉल होता आणि हॉलपुढे मोकळे मैदान. लग्न असो, वाढदिवस असो, कोणाला बढती मिळालेली असो, समारंभाचा शेवट रात्री बारा-साडेबाराला फटाक्यांनीच व्हायचा. गिऱ्हाइकाला शेवट दणक्यात हवा असतो, असे त्याचे म्हणणे. त्या दणक्याने तान्ही मुले किंचाळत उठत, आजारी माणसे पहाटेपर्यंत टक्क जागी राहत, आणि सकाळी दवाखान्याच्या दारात रांग लागे. गॅलरीतून पडलेली मांजरे, बिथरून गाडीखाली आलेली कुत्री, स्वतःचीच पिसे उपटून घेतलेले पोपट. पण हॉलवाल्याशी वाकडे घ्यायला कोणी धजत नसे. दवाखाना तर नाहीच, कारण दवाखान्याची जागाही त्याचीच होती.

आणि नोंदबाई? खरे सांगायचे तर त्याही त्यातल्याच. मांजर पडले, कारण अज्ञात. कुत्रे पळाले, कारण अज्ञात. आपण जखम बघावी, कारणात शिरू नये, असे डॉक्टर म्हणत आणि बाईंनाही ते सोयीचे वाटे. तो शब्द इतक्या वेळा लिहून झाला होता की पुढे पुढे हात विचारीनासा झाला. ओळ पुरी झाली की त्या शिक्का मारत. मारत म्हणजे हलकेच टेकवत, कारण धाडकन मारला तर बाकावरचे निम्मे पेशंट दचकतात. जनावरांच्या बाबतीत एवढी काळजी घेणारी बाई त्यांच्या दुखण्याचे कारण मात्र रोज सकाळी सुंदर अक्षरात लपवत होती.

महिन्यापूर्वी हे थांबले. बाईंच्या शेजारी एक निवृत्त कंडक्टर राहायचा. फटाक्यांविरुद्ध तक्रार घेऊन तो तीन वर्षे नगरपालिकेच्या कचेरीचे उंबरे झिजवत होता. एके दिवशी त्याने कचेरीचे उत्तर आणून काउंटरवर ठेवले. सदर आवाजामुळे प्राण्यांना इजा झाल्याची एकही नोंद दवाखान्याच्या रजिस्टरात आढळत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. सोबत रजिस्टरच्या पानांच्या नकला जोडल्या होत्या.

कंडक्टर रागावला नाही. "अक्षर मात्र सुंदर आहे हो बाई तुमचं," एवढेच म्हणाला आणि गेला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दिवशी नोंदबाईंना जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येकाला विचारू लागल्या, कशामुळे झाले? लोक इकडेतिकडे बघत. कोणी म्हणे, तुम्हाला ठाऊकच आहे की बाई, पण माझं नाव नका घालू. कोणी म्हणे, लिहा काहीही. कंडक्टरने पुन्हा अर्ज केला होता आणि उद्या कचेरीचा माणूस पुन्हा नकला न्यायला येणार होता. महिनाभरात फटाके असे तोंडाने म्हणणारे एकच माणूस बाईंना भेटले, आणि तेही कुठले, तर हॉलवाल्याच्याच घरातले.

त्याची आई. परवा सकाळी दवाखान्याचे शटर पुरते वर गेले नव्हते तोच म्हातारी शेजाऱ्याच्या गाडीतून उतरली. केस सुटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि मागच्या सीटवर दुलईत गुंडाळलेला सुलतान. मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला होता. रात्री हॉलवर फटाके सुरू झाले तसा सुलतान गॅलरीच्या बंद काचेतून आरपार गेला होता. म्हातारीने उरलेली रात्र जखमेवर टॉवेल दाबून काढली होती. डॉक्टर आत टाके घालत होते तेव्हा नोंदबाईंनी नेहमीसारखे विचारले. उत्तराची फारशी आशा नव्हती.

"फटाक्यांनी, दुसरं काय," म्हातारी म्हणाली. "आमच्याच हॉलवरच्या. लिही तसंच."

बाईंनी लिहिले. 'कोणी सांगितले' या रकान्यात 'मालकाच्या आई' असे लिहिले आणि शिक्का टेकवला. सबंध महिन्यातली तेवढी एकच ओळ होती, आणि हॉलवाल्याचे बोट आज तिच्यावरच येऊन पडले होते.

"काच लागली ना त्याला?" तो म्हणत होता. "मग काच लिहा."

"काच लिहिलीय की, अलीकडच्या रकान्यात. पण काच काही आपणहून उठून त्याच्या अंगावर आली नाही."

शिंप्याला हसू फुटले, ते त्याने पोपटाकडे वळवले.

आई म्हातारी आहे, रात्रभर जागलेली, घाबरलेली, काहीतरी बोलून गेली, असे हॉलवाल्याने समजुतीच्या सुरात सांगून पाहिले. म्हातारी अगदी शुद्धीवर होती, सुलतानचे वय महिन्यासकट तिनेच सांगितले, असे बाई म्हणाल्या. मग तो मूळ पदावर आला.

"ही जागा कोणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे. जागा तुमची. रजिस्टर दवाखान्याचं."

हॉलवाल्याने काउंटरवर जोरात तळहात आपटला.

त्या आवाजासरशी सुलतान उठला. टाक्यांची, पट्ट्यांची, कशाची पर्वा न करता तो काउंटरच्या बाजूच्या फटीतून आत घुसला आणि नोंदबाईंची खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागेत स्वतःला कोंबून बसला. भोंगा खणावर आपटून वाकडा झाला. सबंध धूड लटपटत होते आणि खालची फरशी ओली होत चालली होती.

"सुलतान, ये," हॉलवाला वाकून म्हणाला. "अरे, मी आहे."

सुलतान आला नाही. नोंदबाईंनी उजव्या हातातले पेन तसेच ठेवून डावा हात खाली सोडला आणि त्याच्या कानामागे ठेवला. बघायची गरज नव्हती. हात कुठे ठेवायचा ते त्यांना पाठ होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा कुत्रा फौजदारही असाच फटीत शिरला होता. नाव फौजदार आणि वागणे असे की समोरून मांजर आले तर हा रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. नवरा गेल्यावर बाईंच्या घरात दाराशी वाट बघणारे तेवढेच एक कोणी उरले होते. त्या रात्री फटाके चाळीस मिनिटे चालले. फौजदार लोखंडी कपाटाच्या मागे गेला, तो हाकेला बाहेर येईना आणि कपाट बाईंना एकटीला हलेना. फटीत जेवढा जाईल तेवढा हात घालून त्या जमिनीवर पडून राहिल्या. थरथर थांबली तेव्हा त्यांना वाटले, निजला. सकाळी दोघा शेजाऱ्यांनी कपाट ओढले, आणि बाई त्याला उचलून दवाखान्यात घेऊन आल्या, आपल्याच काउंटरपाशी. डॉक्टरांनी तपासले आणि हलक्या आवाजात म्हणाले, जाऊ द्या बाई, वय लिहा. आणि बाईंनी लिहिले. नऊ वर्षांचा कुत्रा, कारण वय. अक्षर तेव्हाही सुंदरच आले होते, याची त्यांना आजही लाज वाटत असे.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. डॉक्टरांच्या हाताला यश होते, मांजराच्या मिशीएवढ्या शिरेत ते सुई घालत, पण जागेच्या मालकासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. हॉलवाल्याने सगळे पुन्हा सांगितले, जागेच्या उल्लेखासकट. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते म्हणाले, "मारून टाका ना एक रेघ. मिटवू विषय."

"मारते की," नोंदबाई म्हणाल्या.

हॉलवाल्याने सुस्कारा सोडला. जरा लवकरच सोडला.

"पण नियमाने मारते," बाई पुढे म्हणाल्या. "तुमचाच नियम आहे, डॉक्टर."

नियम खरोखरच डॉक्टरांचा होता. बाई यायच्या आधी कोणीतरी एका कुत्र्याच्या इंजेक्शनची तारीख पांढऱ्या शाईखाली गाडली होती आणि त्यावरून मोठे प्रकरण झाले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी ठरवून दिले होते की रजिस्टरात गिरवायचे नाही, पुसायचे नाही. एकच सरळ रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी दोन गोष्टी, खोडण्याचे कारण आणि खोडणाऱ्याची पूर्ण सही.

नोंदबाईंनी खणातून रेघा आखायची पट्टी काढली आणि शब्दाखाली बरोबर लावून धरली.

"कारण काय लिहू?" त्यांनी हॉलवाल्याला विचारले. "मालकाच्या आई खोटं बोलल्या, असं लिहू?"

तक्ता वाचणारी मुलगी आता उघड इकडे बघत होती. मांजरसुद्धा टोपलीतून डोके काढून बघत होते.

"आणि सही तुमची लागेल," बाई म्हणाल्या. "कारण मी काही खोडत नाही. मी ऐकलं ते लिहिलंय. खोडायचं तुम्हाला आहे." त्यांनी पेन उलटे करून त्याच्यापुढे धरले.

हॉलवाल्याने पेन घेतले. आयुष्यात त्याने शेकडो कागदांवर न वाचता सह्या केल्या असतील, पण या ओळीवर त्याचा हात अडला. त्याने शेवटचा रकाना वाचला. मग काउंटरवरून वाकून खाली पाहिले. सुलतानने भोंग्यासकट तोंड भिंतीकडे केले होते. हॉलवाल्याने पेनाचे टोक कागदापर्यंत नेले आणि तसाच उभा राहिला. बाई पट्टी धरून थांबल्या. त्यांना काही घाई नव्हती, एकोणीस वर्षे घाई न करण्याचीच त्यांना सवय होती.

शेवटी पेन त्याने रजिस्टरवर ठेवून दिले.

"जागा खाली करावी लागेल, डॉक्टर," तो म्हणाला, पण डॉक्टरांकडे न बघता.

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिले.

"करू," नोंदबाई म्हणाल्या. "रजिस्टर कुठल्याही टेबलावर मावतं."

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी पट्टी उचलून खणात टाकली, पेनाला टोपण लावले आणि ते बाईंच्या हातात दिले. "राहू द्या तो शब्द," ते म्हणाले, हॉलवाल्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग स्वतःच्याच आवाजाने थोडे दचकल्यासारखे होऊन त्यांनी विचारले, "पट्टी बदलायचीय ना? आणा त्याला आत."

मालकाने दोनदा हाक मारली, पट्टा धरला, ओढला नाही. सुलतान हलेना. तेव्हा नोंदबाईंनी खुर्ची सरकवली, पदर खोचला आणि गुडघ्यावर बसून त्याला हळूहळू फटीतून काढले. बाई एका बाजूने आणि हॉलवाला दुसऱ्या बाजूने, असे दोघे त्याला धरून आत घेऊन गेले. बाहेर येऊन बाईंनी फरशी पुसली आणि शिंप्याकडे वळून विचारले, पोपटाला काय झाले.

"पिसं उपटतो, बाई."

"कशामुळे?"

शिंप्याने आतल्या दाराकडे पाहिले. मग पिंजरा दोन्ही हातांनी नीट धरला. "फटाक्यांमुळे," तो म्हणाला. "लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा."

मुलीचीही ओळ तशीच झाली. परवाची धरून आता तीन.

दुपारी दीडला दवाखाना जेवणासाठी बंद झाला. डॉक्टर घरी गेले. नोंदबाईंनी डबा उघडला नाही. स्टुलावर चढून त्यांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीचे रजिस्टर काढले, धूळ पुसली आणि जे पान शोधायची गरज नव्हती ते उघडले. फौजदार, कुत्रा, नर, रंग करडा, वय नऊ वर्षे. काय झाले, मृत्यू. कारण, वय.

त्यांनी खणातून पट्टी काढली आणि 'वय' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. शब्द खाली स्पष्ट वाचता येत होता. त्याच्यावर त्यांनी लिहिले, 'फटाके'. शेजारी आजची तारीख घातली. खोडण्याचे कारण, तेही लिहिले, 'आधी मी खोटे लिहिले होते.' आणि पूर्ण सही केली, नवऱ्याच्या आणि माहेरच्याही नावासकट, रकान्यात मावेना तर समासात जाऊन.

उद्या येणाऱ्या कचेरीच्या माणसासाठी नवे रजिस्टर काउंटरवर काढून ठेवलेले होते. त्याच्यावर त्यांनी हे जुने ठेवले, त्याच पानाशी उघडे. मग शिक्का उचलला. दवाखान्यात दचकायला कोणी नव्हते. तरी त्यांनी तो हलकेच टेकवला.