दीक्षेचा दिवस

“नागपूरले? आता?” वरणाच्या पातेल्यातला डाव हातात तसाच धरून रामाजीनं विचारलं. “आता काय हाये तिथं?”

आदिलाबादच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही नुकतेच टेकलो होतो. बोथहून पायी निघाल्याला तिसरा दिवस. पंचफुलाकाकू हातपंपावर पाय धूत होती आणि मी खांबाला पाठ लावून बसलो होतो. रामाजी इथला स्वयंपाकी, आपल्यातलाच माणूस. आमच्या भागातून दीक्षाभूमीला जाणारे बसनं नाहीतर ट्रकनं जातात. पायी जाणारे वर्षाला पाच-सात असतील. त्यांचे मुक्काम ठरलेले, रस्त्यावरच्या समाजकल्याणच्या वसतिगृहांत. तिथले स्वयंपाकी, चौकीदार आपले असतात. ते वॉर्डनला विचारत बसत नाहीत. जागा देतात, ताटभर वरण-भात देतात आणि कोण येतंय याचा निरोप बसच्या ड्रायव्हरबरोबर पुढच्या वसतिगृहाला धाडतात.

“चौदा ऑक्टोबरला कार्यक्रम आहे,” मी म्हणालो. मंडल कचेरीतला कारकून मी. माहिती द्यायची म्हणजे ठणकावूनच, ही माझी खोड.

“साहेब, मेळा दसऱ्याले असते. यंदा एकोणतीस सप्टेंबरलेच झाला. मी जाऊन बी आलो.”

“पण दीक्षा चौदा ऑक्टोबरची. छप्पन साल. पुस्तकात आहे.”

“हो, पण त्या दिवशी दसराच होता ना. लोकं तेच धरतेत. चौदाले पाच-पन्नास येतेत, फुलं वाहतेत, जातेत.”

मी खिशातलं काकूच्या भावाचं पत्र काढून रामाजीला वाचून दाखवलं.

काकू आमची शेजारीण. तिचा धाकटा भाऊ खुशाल नागपूरला गिरणीत लागला तो तिकडचाच झाला. गिरणी बंद पडल्यावर कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे राहायचा. बारा वर्षं बहीण-भावाची भेट नव्हती. ऑगस्टात त्याचं पत्र आलं. काकूला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं. घशाचं दुखणं वाढलंय, डॉक्टर खरं सांगत नाहीत, यंदा दीक्षेच्या दिवशी ये, फाटकाजवळच्या नळापाशी उभा राहीन. खाली पत्ता नव्हता. आता होता, उद्या नाही, असल्या माणसानं पत्ता कुठला लिहावा?

“दीक्षेचा दिवस म्हंजे दसराच ना रे सुधाकर?” काकूनं तेव्हाच विचारलं होतं.

मी तिला झापलं. पंचांग सोडलं ना आपण? मग तिथी कशाला धरायची? दसऱ्याला जातात ते जुन्या सवयीनं, तुझा भाऊ युनियनचा माणूस, तो तारखेलाच येणार. एवढं सगळं मी बोललो, आणि नागपूर जन्मात पाहिलेलं नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी ती पुन्हा माझ्या ओट्यावर येऊन बसली. “आज तं नाय ना?” मी हसलो. अजून पंधरा दिवस आहेत म्हणालो. “बरं बाबा, तू शिकलेला हायेस,” असं म्हणून ती उठून गेली.

“तुमी नळ म्हणून राह्यले,” रामाजी म्हणाला, “तिथं एक म्हातारा होता बा. गळ्याले दुपट्टा गुंडाळलेला. आवाज निघत नव्हता. पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं, बोथ म्हणून. येईल त्याले दाखवत होता. मले बी दाखवलं. मी म्हटलं, मी आदिलाबादचा. सकाळी पाह्यला, दिवे लागले तवा बी तिथंच.”

काकू ओल्या पायांनी मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पदरानं तोंड पुसलं आणि हळूच खाली बसली.

मी एकदम घाईवर आलो. “काकू, सकाळच्या बसनं जाऊ. संध्याकाळी नागपुरात.”

“कोणाच्या दारात?”

गिरणीला कुलूप. दवाखाने किती आणि कुठं, मला ठाऊक नाही. माफी मागायला तोंड उघडलं आणि “पाय फार सुजले का?” असं काहीतरी विचारलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

रामाजीनं मात्र वेळ घालवला नाही. नागपूरच्या वसतिगृहातला स्वयंपाकी त्याच्या ओळखीचा. खुशालचं नाव, घशाचं दुखणं, गिरणीची चाळ, सगळं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि तो नागपूरच्या बसवर देऊन आला. खबर लागली तर ती आम्हाला वाटेतच मिळणार होती.

“मंग मी चालतो,” काकू म्हणाली. “धुंडणारे धुंडून राह्यले. मी तिथं आधी जाऊन काय करू? छप्पन साली बाप अन् खुशाल याच रस्त्यानं गेले. मी ओली बाळंतीण, घरी राह्यली. आता चालू दे मले.” मग जरा थांबून म्हणाली, “अन् तो चौदाले बी येईन, काय सांगता येते.”

पैनगंगा ओलांडली. पांढरकवड्याच्या वसतिगृहात निरोप आला होता: चाळीत नाही, दोन महिन्यांपूर्वी जागा सोडली. वडकीला काहीच नाही. हिंगणघाटला चौकीदारानं हाक मारून सांगितलं की सरकारी दवाखान्यात त्या नावाचा पेशंट होता. पाच तारखेला सुटी दिली, कोण घेऊन गेलं ते कोणी सांगत नाही. पाच तारखेला आम्ही आदिलाबादहून निघालो होतो. काकूनं निरोप ऐकून फक्त “जिवंत हाये म्हंजे” एवढंच म्हटलं आणि भाताचं ताट माझ्याकडे सरकवलं. ती माझ्यापुढं चालायची. मी रोज ठरवायचो, आज बोलू. आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या एखाद्या व्हरांड्यात चटईवर पाठ फिरवून पडायचो.

चौदाला सकाळी आम्ही दीक्षाभूमीच्या फाटकाजवळ, नळापाशी पोचलो. रामाजी म्हणाला तसंच, पाच-पन्नास माणसं. फुलं वाहत होती, वंदना म्हणून निघून जात होती. काकूनं वाटेत जपून ठेवलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. दर म्हाताऱ्याकडे ती आधी मान बघायची, मग तोंड. दुपार झाली. मी दोनदा जेवायला चल म्हणालो, ती जागची हलली नाही. “तेवढ्यात तो येऊन गेला तं?” म्हणाली.

चारच्या सुमारास तिथलाच एक कार्यकर्ता जवळ आला. छातीला निळी फीत लावलेला, बोलायला सभ्य.

“आजी, सकाळपासून उभ्या आहात. कोणाची वाट पाहता?”

“भावाची.”

“मग दसऱ्याला नाही का आलात? सगळे तेव्हाच भेटतात.”

मी पुढं झालो. या वेळी बोलणारच होतो.

“मीच चुकली बाबा,” काकू माझ्या आधी म्हणाली. “अडाणी बाई, मले दिवस समजत नाय. हा पोरगा तं सांगून राह्यला होता मले, दसऱ्यालेच जा म्हणून.”

कार्यकर्त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि काकूसाठी खुर्ची आणायला गेला. मी तिची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.