जोतूचा दगड

"हा आपला नाही, पोरी. आपल्याकडे राहायला आलाय, एवढं ध्यानात ठेव."

सासऱ्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बापू त्या दिवशी डोंगरावरून शेवटचे उतरले होते. गुडघे गेले म्हणून सगळा कळप त्यांनी बेलीरामच्या हवाली केला होता. बेलीराम म्हणजे त्यांचा जन्माचा सोबती, वयाने धाकटा. दोघांनी मिळून किती उन्हाळे वर काढले त्याची गणतीच नाही. थकलेलं कोकरू बापू नेहमी लोकरीच्या चोल्यात, म्हणजे घोळदार अंगरख्यात, पोटाशी घालून आणायचे. त्या दिवशी चोल्यातून कुत्र्याचं पिल्लू निघालं. काळं कुळकुळीत, छातीवर पांढरा डाग.

त्याची आई जोतावर, म्हणजे खिंडीत, मारली गेली होती. धुक्यातून बिबट्या आला, तेव्हा ती कळपाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली आणि तिथून हलली नाही. मागे दोन पिल्लं उरली. एक बेलीरामने मेंढ्यांत वाढवायला ठेवलं. दुसरं बापूंच्या ओंजळीत दिलं, म्हणाला, कळपाशिवाय तुमचं अंगण खायला उठेल, घेऊन जा. बापूंनी त्याला तिथेच शब्द दिला, की तुझ्या कळपाला कुत्रा उरला नाही, तर हा तुझा.

"बेलीराम मागायचा नाही," बापू मला म्हणाले. "त्याची जीभच तशी नाही. तू ओळखायचं आणि द्यायचं."

मी महादेवाच्या पाण्याला हात लावून हो म्हटलं. पिल्लू तेव्हा माझ्या पदराची लोकर चघळत होतं. मुठीएवढ्या जिवाचा शब्द द्यायला काय लागतं? त्याच हिवाळ्यात बापू गेले आणि तो शब्द माझ्या एकटीच्या पदरात राहिला.

जोतावर जन्मला म्हणून त्याचं नाव जोतू.

तो घरात वाढला. मेंढी त्याने जवळून कधी पाहिली नाही, कारण आमच्या गावात आता मेंढ्या कोण पाळतो? सगळे नोकरीला. माझे यजमान उत्तम चंद शाळेत शिपाई होते, आता घरी असतात. मुलगा आणि सून चंडीगडला, आणि त्यांची शिवानी आमच्याकडे. ती बोलायला लागली तेव्हा आजीच्या आधी जोतू म्हणाली. मक्याची रोटी ताकात कुस्करून घातली की जोतू खायचा, पण त्याचा खरा जीव बिस्किटात. शिवानी एक स्वतः खायची, एक त्याला द्यायची. यजमान हसायचे. म्हणायचे, बापूंनी वाघ म्हणून आणला आणि आपण त्याचा जावई केला.

तरी त्याच्या काही रीती होत्या, त्या त्याला कुणी लावल्या नव्हत्या. दारं मिटायच्या सुमाराला तो घरात यायचा, एकेकाजवळ जाऊन नाक लावायचा आणि परत बाहेर जायचा. शिवानी शेजारी खेळत राहिली असली, तर तिथे जाऊन तिच्या फ्रॉकचं टोक तोंडात धरून उभा राहायचा. ओढायचा नाही, नुसता उभा. सगळी आत आली, की अंगणाच्या वरच्या कडेला एक चपटा दगड आहे, त्यावर जाऊन बसायचा. डोंगराकडे तोंड, आमच्याकडे पाठ. मी पडवीत पोतं अंथरलं, ओसरीत जुनी गोधडी टाकली. तो यायचा, माझा मान राखायला म्हणून क्षणभर बसायचा, आणि मी वळले की दगडावर. यजमान म्हणायचे, आपल्यावर रुसलाय, तोंडसुद्धा दाखवत नाही. मीही हसायचे.

मागच्या पौषात फार बर्फ पडलं. सकाळी मी दार उघडलं तेव्हा अंगण पांढरं सपाट होतं, आणि त्या पांढऱ्यात दगडावर एकच काळी जागा. जोतू तेवढ्यातच उठला असावा, कारण खालून वाफ निघत होती. त्याच्या अंगाच्या आकाराएवढंच बर्फ पडायचं राहिलं होतं. रात्रभर तो तसूभरही हलला नव्हता. वरच्या उतारावरून बिबट्याची पावलं सरळ आमच्या घराकडे उतरलेली. दगडापासून थोड्या अंतरावर ती थांबली होती. तिथे बर्फ बरंच तुडवलेलं होतं. मग तीच पावलं वळून वर गेली होती.

आमच्यापैकी एकानेही काही ऐकलं नव्हतं. भुंकणं नाही, झटापट नाही. जोतूच्या गळ्यात काट्यांचा पट्टासुद्धा नव्हता, तो बिबट्याने नरडं धरू नये म्हणून कळपाच्या कुत्र्याला असतो. मी हात जोडले. महादेवाला की त्याला, ते मलाच कळलं नाही. जोतू शिवानीच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत होता.

या वैशाखात बेलीराम आला. दरसाल कळप घेऊन वर जाताना तो आमच्या खालच्या रिकाम्या शेतात मुक्काम करतो. जोतावरचं बर्फ मऊ झालं की वाट धरतो. तेवढे दिवस जोतूला मी अंगणात बांधून ठेवायचे, मेंढ्यांच्या मागे लागेल म्हणून. यंदाही बांधला.

बेलीराम अंगणात टेकला, चहाचा पेला दोन्ही हातांत धरला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, शिवानी बापूंसारखी कपाळाला आठ्या घालते म्हणून तिला चिडवलं. त्याच्या पाठीवरचं ओझं ओट्याशी ठेवलेलं होतं. त्याला एक लोखंडी काट्यांचा पट्टा लटकत होता. रिकामा. एक काटा मुळापासून वाकलेला.

यजमानांनी विचारलं, "आणि तुझा कुत्रा रे? जोतूचा भाऊ?"

"गेला. माघात," बेलीराम म्हणाला, आणि लगेच मला म्हणाला, "भाभी, चहात आलं चांगलं पडलंय."

एवढंच. जोतूकडे त्याने मान वळवून पाहिलंही नाही. न पाहण्यासाठी माणसाला किती जोर लावावा लागतो, ते मी त्याच्या मानेच्या शिरांवरून ओळखलं.

तो खाली गेल्यावर मी यजमानांना बापूंचा शब्द सांगितला.  ते म्हणाले, तो मागतोय का? नाही ना? मग झालं तर. शिवाय हा घरचा कुत्रा, बिस्किटावर वाढलेला. वर नेला तर मेंढ्यांनाच याची राखण करावी लागेल. बेलीरामच्या गळ्यात लोढणं बांधायचं का? मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं.

पण माझं मन जागेवर नव्हतं. आमच्यात देवाला काही अर्पण करायचं असलं, तर त्या जनावराच्या अंगावर पाणी शिंपडतात आणि हात जोडून थांबतात. त्याने कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, तर महादेवाने हो म्हटलं. नाही झाडलं, तर कुणी त्याला बोट लावत नाही, मग सूर्य मावळला तरी चालेल. जोतूला काही कुणी देवाला वाहत नव्हतं. पण देणं ते देणं, आणि प्रश्न माझ्या मनात उभा राहिला होता. तेव्हापासून मी जोतूला पाणी लागू देईना. शिवानीने त्याला आंघोळ घालायची म्हणून बादली भरली, ती मी भाजीच्या वाफ्यात ओतली. ढग आला की त्याला पडवीत ओढून घ्यायचे. यजमान बघत होते. एकदा हळूच म्हणाले, "अगं, महादेवापासून कुत्रा लपवतेस? त्याचे कैलासावरून डोळे अधू झालेत काय?"

 आमच्यात म्हणतात, शिवही हिवाळ्यात कळपांबरोबर खाली उतरतो आणि उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर वर चढतो. त्याच्यापासून काय लपणार?

माझा रोजचा नेम आहे. झऱ्याजवळच्या पिंडीवर पाणी घातल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. जोतू माझ्याबरोबर निघतो, आणि वाटेत एक वळण आहे, जिथून घरही दिसतं आणि मीही दिसते, तिथे बसून राहतो. कळप शेतात असताना मी त्याला नेत नव्हते. पण एका सकाळी शिवानीने त्याचा दोर सोडला होता, आणि मी झऱ्याशी पोचून वळून पाहते तर तो वळणावर उभा. मी हातानेच खुणावलं, थांब. तो थांबला नाही. सरळ पिंडीपर्यंत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

तांब्या माझ्या हातात कलता होता. मी पाणी घातलं. ते पिंडीवरून घरंगळलं आणि जोतूने मान पुढे केली. महादेवाचं पाणी त्याच्या मानेवर पडलं.

मी श्वास रोखला. तो निश्चल उभा होता. पाणी केसांतून खाली ओघळत होतं आणि तो हलत नव्हता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? नाही म्हणाला देव, असं मी मनात म्हणाले.

तेवढ्यात खालच्या शेतातून एक कोकरू ओरडलं. बारीक, एकटं. जोतूचे कान उभे राहिले. आणि मग ते कानांपासून सुरू झालं, मानेतून, पाठीतून, मागच्या पायांतून थेट शेपटीच्या टोकापर्यंत. थेंब माझ्या कपाळावर, ओठांवर उडाले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो उतार उतरू लागला. धावला नाही.

मी त्याच्यामागे गेले ती घाबरूनच. मेंढ्या उधळतील असं वाटलं. पण तो कळपात शिरला आणि मेंढ्या पाण्यासारख्या बाजूला झाल्या आणि पाण्यासारख्याच त्याच्यामागे मिटल्या. एकही ओरडली नाही. ते कोकरू दोन दगडांच्या फटीत अडकलं होतं. तो त्याच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिला, बेलीराम येऊन त्याला सोडवीपर्यंत. मग तो सगळा कळप ओलांडून शेताच्या वरच्या कडेला गेला आणि बसला. डोंगराकडे तोंड, मेंढ्यांकडे पाठ.

बेलीरामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"भाभी, हे तुम्ही शिकवलंत?"

"मी काय शिकवणार? घरीही तो असाच बसतो. आम्हाला वाटायचं रुसलाय."

"याची आई अशीच बसायची," तो म्हणाला. "कळपाकडे तोंड करून बसतो तो कुत्रा नव्हे भाभी, पाहुणा."

मी तिथेच बांधावर बसले. दारं मिटायच्या वेळचं ते नाक लावणं, फ्रॉकचं टोक, बर्फातली ती काळी जागा. पाच वर्षं आम्ही समजत होतो की आम्ही त्याला पाळलंय.

त्या संध्याकाळी जोतू घरी आला, आम्हा सगळ्यांना नाक लावून गेला, शेतात गेला, पुन्हा आला. रात्र पडेपर्यंत त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. शेवटी तो घर आणि शेत यांच्या मधोमध वाटेवरच बसला, जीभ बाहेर काढून.

उजाडताच बेलीरामने कळप हलवला. जाताना त्याने शीळ घातली ती मेंढ्यांना. जोतूला हाक मारली नाही, पट्टा ओझ्यालाच लटकत होता. जोतू अंगणात परत येऊन दगडावर चढला. कळप वरच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. त्याच्या पायांना कंप होता, पण तो उठला नाही. आम्हाला सोडून तो जाणार नव्हता. आम्हीही त्याचेच होतो ना.

यजमान म्हणाले, आता काय, त्यानेच ठरवलं. पण त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता.

मी नेमाचं पाणी घालून आले. पदरात रोट्या बांधल्या, थोडं सत्तू घेतलं. बापू डोंगर चढताना कमरेला बांधायचे तो काळ्या लोकरीचा जाड दोर खुंटीवरून काढला आणि माझ्या कमरेला गुंडाळला. यजमान बघत राहिले, मग उठून आत गेले आणि बापूंची काठी घेऊन आले. "गुडघे जपून," एवढंच म्हणाले.

शिवानीला मी जवळ बसवून सगळं सांगितलं होतं. ती रडली नाही. आपल्या बिस्किटांचा पुडा तिने माझ्या पदरात सरकवला. मग विचारलं,

"आजी, वर तो कुणाला मोजेल?"

"मेंढ्यांना."

"आणि आपल्याला कोण मोजेल?"

 मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाटेला लागले. जोतूला हाक मारली नाही. काही पावलं गेल्यावर मागे दगडावर नखं घासल्याचा आवाज आला. मी थांबले. तो दारापर्यंत गेला, यजमानांच्या हाताला नाक लावलं, शिवानीच्या गालाला लावलं, आणि माझ्याजवळ आला. माझ्या हाताला नाक लावलं. मग माझ्या पुढे झाला.

झऱ्याजवळच्या वळणावर, जिथून घर दिसतं, मी मागे वळून पाहिलं. यजमान ओट्यावर उभे होते. शिवानी अंगणाच्या वरच्या कडेला त्या चपट्या दगडावर जाऊन बसली होती. घराकडे पाठ, डोंगराकडे तोंड.