चामड्याच्या उशीचा ठोका

माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक तडा आहे आणि त्या तड्यात मैदा बसला आहे. कितीही पुसले तरी तो निघत नाही. मित्रांनो, अशा खुणांवरून म्हातारे मोबाइल ओळखू येतात, आणि मी तसाच एक आहे. आता माझी बॅटरी फुगली आहे. चार्जरला लावले की मी तासाभरापुरता जागा होतो, मग पुन्हा डोळे मिटतात. पण मिटलेल्या डोळ्यांपुढे जे दिसत राहते, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथले मला फक्त पांढरे दिवे आठवतात. खरे जगणे सुरू झाले ते दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनजवळच्या उम्लाझी वस्तीत, टॅक्सीतळावर. माझी पहिली मालकीण मासिबिया. ती तिथे अमाग्विन्या तळून विकते. मैद्याचे आंबवलेले गोळे, बाहेरून खरपूस आणि आतून कापसासारखे. ती मला एप्रनच्या खिशात ठेवी. तेलाचा वास, टॅक्सीवाल्यांच्या आरोळ्या आणि तिचे गुणगुणणे, एवढ्यात माझी पहिली वर्षे गेली. लोक म्हणत, "मा, फोन झकास घेतलास हं!" आणि ती पिठाळ हातानेच मला खिशातून काढून दाखवी. तेव्हा मी फार मिरवत असे.

मग एक दिवस तिने वाकून तेलाची बुधली उचलली आणि मी फरशीवर पडलो. तडा तेव्हाचा. तिने दुसरा फोन घेतला आणि मी तिच्या मुलीकडे, नोमालांगाकडे गेलो. मला वाटले, आपण मोडीत निघालो. मित्रांनो, आयुष्य खरे तिथून सुरू होणार होते, हे मला काय ठाऊक!

नोमालांगाने माझ्यात ताल बनवायचे ॲप घातले. माझ्या काचेवर छोट्या चौकोनांच्या ओळी उगवल्या. एक ओळ म्हणजे एक वाद्य. ती बोटाने एखादा चौकोन उजळवी आणि तिथे ठोका पडे. चार चौकोन उजळले की ठेका धरला जाई. पण ॲपमधले तयार ढोल तिला परके वाटत. मग ती मला घेऊन वस्तीत आवाज वेचत हिंडू लागली. तापल्या तेलात पीठ पडताना होणारी चर्र तिने झांजेच्या ओळीत बसवली. तळावरच्या शेझीबाबांच्या मिनीबस टॅक्सीचे सरकते दार बंद होतानाचा धप्पकन आवाज तिचा ढोल झाला. चार्जिंगला लावलेला असताना हे सारे आवाज माझ्या पोटात हलके हलके फिरत राहत, जसे समुद्राच्या तळाशी शंख फिरत असतील.

पण गाण्याचा जीव होता तिसऱ्याच आवाजात. दर गुरुवारी लाल झगा घालून मासिबिया बायकांच्या प्रार्थनेला जाते. तिथे ढोलकी नसते. चामड्याची छोटी उशी एका हाताला बांधायची आणि दुसऱ्या तळव्याने ती वाजवायची. एका दुपारी पीठ फुगेपर्यंत ती घरीच सराव करत होती, आणि नोमालांगाने दाराआडून तो ठोका माझ्यात भरून घेतला. खोल, ऊबदार ठोका. आईच्या छातीवर कान ठेवल्यावर ऐकू येतो तसा.

आईने कधी मनाई केली नव्हती. तिला कुणी विचारलेच नव्हते. पण टॅक्सीत वाजणाऱ्या गाण्यांना ती "कंबरमोडी गाणी" म्हणे, आणि तेवढ्यानेच मुलगी धसकली होती. प्रार्थनेची उशी नाचाच्या गाण्यात! म्हणून आईची चाहूल लागली की ती चटकन उशीची ओळ गप्प करी. त्या ओळीपुढच्या खुणेवर बोट टेकले की तिचा आवाज बंद. पुढे पुढे तिच्या बोटाला इतकी सवय झाली, की चपलांचा आवाज आला की बोट आपोआप तिकडे जाई.

गाणे पुरे झाल्यावर तिने ते वेलीदादाला पाठवले. त्याचा स्टुडिओ म्हणजे केशकर्तनालयामागची एक खोली. वेलीचा निरोप आला तो त्याच्याच आवाजात.

"बाई गं, गाणं भारी आहे! पण सगळं एकत्र कालवून पाठवलंस. शिजलेल्या रश्श्यातून कांदा परत काढता येतो का? प्रत्येक आवाज वेगळा पाठव. म्हणजे मला हा चढवता येईल, तो उतरवता येईल. आणि लवकर हं. शाळेच्या शेवटच्या दिवशी शेझीबाबा पोरांना समुद्रावर नेणार आहेत. नवं गाणं मागतायत."

तुम्हाला सांगायला हवे, उम्लाझीत गाणे आधी टॅक्सीत चालते आणि मग जगात. पोरे रिकामी टॅक्सी सोडून देतात आणि जिच्यात चांगले गाणे वाजते तिच्यात दाटीवाटीने बसतात. शेवटच्या दिवशी शेझीबाबांनी लावलेले गाणे डिसेंबरच्या उन्हाळी सुट्टीभर वस्तीत घुमते. नोमालांगाला त्या दिवसाचीच स्वप्ने पडत होती.

ती सुट्या ओळी बाहेर काढायला बसली आणि नेमकी आई घरात आली. बोट सवयीने गेले, उशी गप्प झाली. मग तिने सगळ्या ओळी एकदम पाठवायची आज्ञा दिली. गप्प केलेली ओळ ॲप बाहेर काढत नाही. मला ते कळत होते, पण आम्हाला बोलता कुठे येते! झांज गेली, ढोल गेला, बाकीचे आवाजही रांगेने निघून गेले. उशी आतच राहिली. माझे पोट भरल्याची सूचना आधीपासून झळकत होती. काम झाले असे समजून तिने मूळ गाणे आणि वेचलेले सारे आवाज पुसून टाकले. जाग आल्यावर स्वप्न विरते ना, तसा तो ठोका माझ्यातून विरून गेला.

दुसऱ्या दिवशी वेलीचा फोन. "अगं, तो खालचा ठोका कुठाय? धक धक करणारा. त्याच्याशिवाय गाणं नुसतं हाडं वाजवतंय."

"पाठवला की दादा!"

"नाही आला. पुन्हा पाठव."

तिने माझ्यात शोधले. कुठेच नव्हता. तो ठोका सुटा असा आता एकाच ठिकाणी उरला होता. तिच्या आईच्या तळव्यात.

ती टॅक्सीतळावर गेली. मासिबिया कढईपुढे उभी होती.

"मा, एक ऐकशील?"

"हात पिठात आहेत, कान मोकळे आहेत. लाव."

तिने वेलीकडचे अख्खे गाणे परत मागवून घेतले होते, ते लावले. मासिबियाने एक गोळा उलटला, दुसरा उलटला. मग झारा तसाच हवेत थांबला.

"ही माझी उशी."

"हो."

"आणि हा माझा खोकला! हे तू जगाला ऐकवणार होतीस?"

"तू रागावशील असं वाटलं. म्हणून तू आलीस की मी तेवढाच आवाज बंद करायचे. मग पाठवताना तो बंदच राहिला. आता पुसलाही गेला."

"म्हणजे मी दारात आले की मलाच गप्प करायचं? शाब्बास, पोरी!" शेजारी टॅक्सी पुसणारे शेझीबाबा खो खो हसले. कढईतले गोळे काळे पडायला आले. ते काढून ठेवत मासिबिया म्हणाली, "राग त्याचा नाही. एकटी वाजवलीय, त्याचा आहे. उशी कधी एकटी वाजते का? दार ठोठावल्यासारखं वाटतंय. थांब, प्रार्थनेतल्या मान्गेमाला आणि तिच्या जावेला सांगते. पण गाण्यात घाणेरडा शब्द नको. आहे का?"

"शब्दच नाहीत, मा."

"मग देवाला काय अडचण?"

तिघी लाल झगे घालूनच स्टुडिओत आल्या. केस विंचरून घेणाऱ्या बायका माना वळवून पाहत राहिल्या. वेलीने अदबीने मायक्रोफोन पुढे केला. "मा, हलायचं नाही हं. इथे, असं सरळ उभं राहायचं."

मान्गेमाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "पाय हलले नाहीत तर हात कसा हलेल, बाळा? तुझं लग्न व्हायचंय अजून, म्हणून असं बोलतोयस."

त्या तिघी गोल फिरत, डुलत वाजवणार होत्या आणि मायक्रोफोन जागचा हलणार नव्हता. शेवटी वेलीने हात टेकले. नोमालांगाने मला पुसले, मधोमध एका स्टुलावर ठेवले आणि म्हणाली, "याला सवय आहे तुमची."

मित्रांनो, ते क्षण मी कसे सांगू! तीन तळवे, तीन उशा, आणि माझ्याभोवती फिरणारी लाल वलये. स्टूल थरथरत होते. मला वाटले, मी कोमट पाण्याखाली तरंगतो आहे आणि वरून कुणीतरी दिवे सोडते आहे. कुणी खोकले नाही. कुणी कुणाला गप्प केले नाही. तडा गेलेल्या माझ्या देहात तो ठोका काठोकाठ भरला. वेलीने तो माझ्याकडून घेतला, त्याच्या ओळीवर बसवला आणि नुसता हसत राहिला.

शेवटच्या दिवशी शाळा सुटली. शेझीबाबांची टॅक्सी पोरांनी अशी भरली की मी नोमालांगाच्या खिशात चेपून गेलो. गाणे लागले. पहिला ठोका पडताच पोरे किंचाळली, खिडक्या थरथरल्या. टॅक्सी कढईजवळून जाताना शेझीबाबांनी मुद्दाम वेग कमी केला. मासिबियाने वर पाहिले नाही. पण तिचा पिठाळ तळवा एप्रनवर त्याच तालात पडत होता. मग समोर निळे पाणी आले आणि सारे आवाज वाऱ्यात मिसळून गेले.

आता नोमालांगाकडे नवा फोन आहे. मी मासिबियाच्या फडताळात असतो. गाऱ्हाणे नाही. एवढेच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या फोनमध्ये जे आवाज जपावेसे वाटतात, ते आणखी कुठेतरी उतरवून ठेवा, कारण आम्ही फार जगत नाही. आणि ज्यांचे आवाज घ्याल, त्यांना एकदा समोर बसवून ऐकवा. ती माणसे हो म्हणतात की नाही, हे त्यांनाच सांगू द्या.