टेलरताईंचं पान कुठे अडलं

टेलरताई मशीनला तेल देत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही काम बंद केलंत का हो?" पलीकडची बाई अनोळखी होती.

"नाही बाई. का?"

"तुमचं पान उघडतच नाही. शेवटी मैत्रिणीकडून नंबर मिळवला."

टेलरताईंचं काम जरा वेगळं होतं. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा स्तन काढावा लागतो, अशा बायकांसाठी त्या आतले कपडे शिवत. आत मऊ भर, जिच्या तिच्या मापाची. या बायका पाटी वाचून दुकानात शिरत नाहीत. त्या घरी, दार लोटून घेऊन फोनवर शोधतात. म्हणून ताईंनी इंटरनेटवर एक पान तयार करून घेतलं होतं. माप कसं घ्यायचं, कपडा कसा धुवायचा, ऑपरेशननंतर किती दिवस थांबायचं, सगळं त्यावर होतं.

फोन ठेवून त्यांनी मोबाइलच्या डेटावर पान उघडलं. लगेच उघडलं. मग घरचा वायफाय जोडून पुन्हा बघितलं. चाक गरगर फिरलं आणि पाटी आली : हे पान उपलब्ध नाही.

ताईंना राग यायला हवा होता, पण आली ती उत्सुकता. हात तोच, फोन तोच, खुर्चीही तीच. मग पान वाटेत अडतंय कुठे?

कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी गाणं ऐकावं लागलं, मग एक मुलगी बोलली.

"मॅडम, राउटर बंद करून चालू करा."

"केला."

"एकदा परत करून बघता का?"

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने वायर ओढून पाहिली, लॅपटॉपवर वेगाचा काटा बघितला आणि खुशीत म्हणाला, "ताई, स्पीड एकदम फर्स्ट क्लास आहे!"

"गाडी फर्स्ट क्लास आहे हो, पण मला हव्या त्या घरी थांबत नाही ना."

तो हसला, क्रिकेटची मॅच लावून दाखवली, सिनेमा लावून दाखवला आणि ताईंच्या पानापाशी आल्यावर डोकं खाजवत निघून गेला.

ताई फोन घेऊन गल्लीत निघाल्या. शेजारच्या सलूनमध्ये पान उघडलं. समोरच्या दाताच्या दवाखान्यात नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही नाही. "तुमच्याकडे कनेक्शन कोणाचं?" त्या प्रत्येकाला विचारत गेल्या. सलूनवाल्याचं दुसऱ्या कंपनीचं निघालं. बाकी दोघांचं ताईंच्याच.

"आता काय करणार?" नवऱ्याने विचारलं.

"जाऊन विचारणार."

कंपनीच्या ऑफिसातले साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी बरंच टाइप केलं आणि मान वर न करता म्हणाले, "तुमचं पान कुटुंब सुरक्षेत अडकलंय."

"म्हणजे?"

"घरात लहान मुलं असतात ना, म्हणून नको तो मजकूर आम्ही आपोआप बंद ठेवतो. प्रत्येक कनेक्शनला ही सोय सुरूच असते."

"मला तर कोणी विचारलं नाही."

"विचारत नाही, ताई. नको असेल तर ग्राहकाने सांगायचं."

"पण चालू आहे हेच माहीत नसलेला माणूस बंद करा म्हणून कसं सांगणार?"

साहेबांनी माउस उगाच इकडेतिकडे हलवला.

"बरं, माझ्या पानावर नको ते काय आहे?"

साहेबांनी पान उघडलं. लाकडी धडावर चढवलेला एक साधा पांढरा कपडा. त्यांनी घाईने पान खाली सरकवलं. "मशीन ठरवतं. एखादा शब्द असेल."

"कुठला?"

साहेबांचे कान लाल झाले.

"स्तन," ताई म्हणाल्या. "डॉक्टर रोज म्हणतात. त्याला दुसरं काय म्हणायचं?"

"तो बदलून बघा ना," साहेब कळवळून म्हणाले. "नाहीतर तक्रार वर पाठवतो, पण वेळ लागेल."

ताईंनी दोन्ही केलं. तक्रार दिली आणि घरी येऊन पानावर जिथे तिथे 'वरचा भाग' लिहिलं. काही दिवसांनी पान घरच्या वायफायवर खरंच उघडलं. नवरा म्हणाला, "झालं की काम!" पण फोन येईनात. ताईंनी स्वतःच शोधून बघितलं तेव्हा उलगडा झाला. बायका शोधताना खरा शब्द लिहितात, आणि तो आता पानावर नव्हताच. आधी पान सापडत होतं पण उघडत नव्हतं, आता उघडत होतं पण सापडत नव्हतं.

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं. ज्यांनी बंद पान बघून निमूट फोन खाली ठेवला असेल, त्या किती जणी?

त्यांनी शब्द परत जागच्या जागी बसवला. मग जुन्या गिऱ्हाइकांना एकेकीला फोन लावला : "तुमच्याकडे हीच कंपनी असेल तर तेवढं त्यांना कळवा हो, पान उघडत नाही म्हणून." बायकांनी नुसतं कळवलं नाही, हेल्पलाइनवरच्या मुलींना तो शब्द स्पष्ट उच्चारात, सावकाश सांगितला. एका सकाळी पान सगळीकडे उघडलं. ताईंनी साहेबांना फोन केला.

"आता तो शब्द चालतो का?"

"वरून झालंय, ताई. कसं ते आम्हालाही कळत नाही."

ताईंचं समाधान झालं नाही. घरात लहान मूल कोणीच नव्हतं. त्यांनी साहेबांकडून ती कुटुंब सुरक्षा आपल्या कनेक्शनपुरती बंद करून घेतली. आजवर आपल्यापासून काय काय लपलं होतं ते बघायचं होतं.

रविवारी नणंद आली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. चहा पिता पिता ताईंनी सगळी हकिगत सांगितली. नणंद हसत ऐकत होती, आणि मधेच थांबली.

"वहिनी, मी मुलांसाठी धडे इंटरनेटवर टाकते. सगळे वाचतात, फक्त प्रजननाचा धडा अर्धा वर्ग वाचतच नाही. उघडत नाही म्हणतात. दरवर्षी तेच."

"मग तू काय करतेस?"

"खोटं बोलता म्हणून रागावते. एकीला तर वर्गाबाहेर उभी केली होती."

ताईंनी तिच्यापुढे फोन सरकवला. "त्या मुलीकडे कनेक्शन कोणाचं आहे, विचार बघू."

नणंदेने कप खाली ठेवला आणि ती त्या मुलीच्या घरचा नंबर शोधायला लागली.